क्रूझवरची रूम सर्व्हिस आणि टिप: कुणाला, किती, आणि कुठे मुळीच नाही

प्रश्न दर्यापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा आहे. मुलगा-सून पुण्याला असतात. त्यांनी दिवाळीनंतर सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचं बुकिंग केलंय. गुरुजी, बाई, व्याही-विहीण असा सगळा गोतावळा, चार केबिन. गुरुजी विचारतात: "रूम सर्व्हिस फुकट असते असं एक जण सांगतो, दुसरा म्हणतो पैसे लागतात. माणशी रोजची टिप बिलात आधीच लावली आहे. मुलगा म्हणतो, काउंटरवर जाऊन ती काढता येते. काढावी का? खोलीत येणाऱ्या पोराच्या हातावर वेगळं काही ठेवायचं का? रुपये चालतात का? आम्हाला असल्या ठिकाणची सवय नाही, काय पाळायचं ते आडपडदा न ठेवता सांगा." जाता जाता पुतण्याला जहाजावर नोकरी लावायची आहे, त्याचंही विचारलंय. त्याचं उत्तर शेवटी देतो.

मी मोर्शीकडचा. जहाजावर आधी केबिन स्टुअर्ड, म्हणजे खोल्या आवरणारा, होतो, मग रूम सर्व्हिसला सुपरवायझर. आता घरची संत्र्याची बाग बघतो. म्हणजे ट्रे उचलणाऱ्याच्या बाजूने जे दिसतं ते सांगतोय.

पैशाचं आधी उरकू, कारण गुरुजींचा जीव तिथंच अडकलाय.

रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन, प्रिन्सेस अशा मोठ्या कंपन्या साध्या केबिनला माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप म्हणून लावतात. सूट, म्हणजे मोठी महागडी केबिन, घेतली तर जास्त. १८.५० डॉलर धरा. दोन माणसं, चार रात्री, झाले १४८ डॉलर. डॉलर ९० रुपयांना धरला तर एका केबिनचे १३,३२० रुपये, चार केबिनचे ५३,००० च्या वर. एवढ्यात इकडे सोयाबीनचं बियाणं, खत सगळं येतं, हे मलाही दिसतं. लहान मुलांचेही बहुतेक ठिकाणी पूर्ण पैसे लागतात. एखादी कंपनी तेवढी दोन वर्षांखालच्या लेकराला सोडते.

तरीही सांगतो, काढू नका. ही रक्कम कुणा एकाच्या खिशात जात नाही. केबिन स्टुअर्ड, जेवणाच्या हॉलमधला वेटर, त्याचा असिस्टंट यांच्यात ती वाटली जाते, आणि तुम्हाला कधी दिसणारही नाहीत अशा बऱ्याच जणांपर्यंत पोचते. वाटणीचं प्रमाण कंपनीगणिक वेगळं. या लोकांचा करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्यात आठवड्याची सुट्टी नावाचा प्रकार नसतो. मूळ पगार लहान. घरी जो पैसा जातो त्यातला मोठा हिस्सा या टिपेतूनच उभा राहतो, आणि कंपनी नोकरी देतानाच हिशेब तसा मांडते.

आपल्याकडे पोळ्याला बैल घेऊन दारी आलेल्या गड्याला बोजारा देतात. सालाचे, म्हणजे वर्षाच्या मजुरीचे, पैसे ठरलेले असतात, तरी बोजारा न देता कुणी त्याला माघारी लावत नाही, आणि तोही हक्काने घेतो. फरक एवढाच, की जहाजावर बोजारा धरूनच साल ठरवलेलं असतं. तो काढला की त्या माणसाच्या सालालाच कात्री लागते.

ही पद्धत मला पटते का? नाही. पगार तिकिटातच धरावा आणि प्रवाशाला कोड्यात टाकू नये. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनं मे २०१९ पासून तसं केलं, रोजची टिप लावणं बंद. सीबोर्न, सिल्व्हरसी, रीजंट या महागड्या कंपन्यांतही टिप तिकिटातच असते. पण बाकीच्या कंपन्या तसं करत नाहीत तोवर, तुम्ही काउंटरवर जाऊन रक्कम काढून घेतलीत तर कंपनीचं केसभर बिघडत नाही. कापलं जातं ते तुमची चादर बदलणाऱ्याचं.

"कंपनीला कशाला, पोराच्याच हातात देतो," हाही हिशेब नेहमी बसत नाही. काही कंपन्यांत नियम असा, की ज्या केबिननं टिप काढली तिथून मिळालेली रोख स्टुअर्डनं सामायिक पेटीत जमा करायची. सेवा खरोखर वाईट मिळाली तर काय? तर पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर सांगा, हाऊसकीपिंगचा सुपरवायझर स्वतः येऊन बघतो. चार दिवस तोंड मिटून बसायचं आणि शेवटच्या रात्री टिप काढायच्या रांगेत उभं राहायचं, हे मी पुष्कळ पाहिलंय. त्या रांगेतल्या अर्ध्या लोकांची तक्रार एसीची असते, आणि एसी दुरुस्त करणाऱ्याचा त्या टिपेशी काही संबंध नसतो.

मुलानं बुकिंगच्या वेळीच टिप भरली असेल, तर कागदावर 'प्रीपेड ग्रॅच्युइटी' अशी ओळ सापडेल. मग जहाजावर ती पुन्हा लागत नाही. तरी पहिल्या संध्याकाळी केबिनमधल्या टीव्हीवर किंवा कंपनीच्या ॲपवर आपलं खातं उघडून बघा. दोनदा लागली असेल तर त्या दिवशी दोन मिनिटांत दुरुस्त होते, शेवटच्या दिवशी तासभर जातो.

आता पैसे नकळत दुसऱ्यांदा कुठे जातात ते. बारमधलं पेय, जादा पैशांचं रेस्टॉरंट, स्पा, या प्रत्येक बिलात १८ टक्के, काही कंपन्यांत २० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असतो. सहीसाठी जी चिठ्ठी पुढे येते तिच्यावर त्याखाली आणखी एक रिकामी ओळ असते, 'ॲडिशनल' टिपेची. गडबडीत आपल्याकडचा माणूस तिथं पुन्हा आकडा घालतो. त्या ओळीवर आडवी रेघ मारा आणि सही करा. कुणी वाईट मानत नाही. व्याह्यांसमोर हात आखडता दिसू नये म्हणून आकडा घालणारे असतात. त्यांना कोण अडवणार!

मुंबई–गोवा–लक्षद्वीप करणाऱ्या कॉर्डेलियासारख्या आपल्या इकडच्या क्रूझवरही हेच बघायचं: सर्व्हिस चार्जची ओळ बुकिंगच्या बिलात आहे की नाही. तिथं वेगळं काही द्यायचंच तर रुपये चालतात. परदेशी जहाजावर मात्र रुपये देऊ नका. तुमचा स्टुअर्ड इंडोनेशियाचा किंवा फिलिपिन्सचा निघाला, तर पाचशेच्या नोटेचं तो करणार काय? नाणी तर कुठल्याच देशाची नकोत, मनी चेंजर ती घेत नाही. डॉलरच्या सुट्या नोटा, एकच्या आणि पाचच्या, इथूनच न्या. तालुक्याच्या बँकेत मिळणार नाहीत, नागपूरला अधिकृत मनी चेंजरकडे आधी फोन करून सांगून ठेवा की शंभरची एक नोट नको, सुटे हवेत. नोट फाटकी किंवा पेनानं लिहिलेली असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या. आशियातल्या काही जहाजांवर हिशेब सिंगापूर डॉलरमध्ये असतो, तेवढं बुकिंग करणाऱ्याला विचारून घ्या.

मग रोख द्यायची कुणाला? माझ्या मते दोघांनाच. एक, तुमचा केबिन स्टुअर्ड, त्यानं ठरल्या कामापलीकडे काही केलं असेल तर. चार रात्रींना एका केबिनमागे १० ते २० डॉलर पुष्कळ झाले. काही जण पहिल्याच दिवशी निम्मे देतात. त्यानं काम बिघडत नाही आणि ओळख लवकर होते. "शेवटी बघून घेऊ तुझं" असं सूचक बोलणं मात्र नको. हे वाक्य प्रत्येक स्टुअर्डनं हजारदा ऐकलेलं असतं. दुसरा, रूम सर्व्हिसचा रनर, म्हणजे ट्रे घेऊन येणारा. तो स्टुअर्ड नव्हे, त्याचं खातंच वेगळं. स्टुअर्ड हाऊसकीपिंगचा, रनर खाण्यापिण्याच्या खात्यातला, आणि रोजच्या टिपेत त्याचा वाटा बऱ्याच ठिकाणी नसतो. जिथं ऑर्डर फुकट, तिथं त्याच्या हातावर दोन-तीन डॉलर ठेवा. ट्रे मोठा किंवा वेळ आडनिडी असेल तर पाच. जिथं ऑर्डरच्या बिलातच १८ टक्के लागलेत, तिथं नाही दिलंत तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. जहाजावर काम करणाऱ्याला पैशाइतकीच, कधी कधी त्याहून जास्त, चणचण वेळेची असते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी २००६, सांगतो की चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. ते १० तास जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सहा तासांचा हवा. भारतानं हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. कायदा चांगला आहे, पण उलट बाजूनं वाचा: झोपेचा सलग हक्क सहा तासांचा. त्यामुळे तुमच्यामुळे त्याची वीस मिनिटं वाचली तर ती त्याला पाच डॉलरपेक्षा गोड लागतात. रूम सर्व्हिसच्या रीतीभातीतलं बहुतेक सगळं या एका गोष्टीत बसतं.

चहाचंच घ्या. आपल्या भागातला मोठा गट होता, एकाच कॉरिडॉरमध्ये सहा केबिन. पहाटे साडेपाचला पहिला फोन: दोन चहा. तीन मिनिटांनी शेजारून: दोन चहा, साखर जास्त. मग पलीकडून: एक चहा, एक कॉफी, आणि त्या शेजारच्या चहात आलं आहे का? प्रत्येक फोनची पॅन्ट्रीत वेगळी चिठ्ठी निघते, प्रत्येक चिठ्ठीचा वेगळा ट्रे लागतो, आणि त्या वेळेला अख्ख्या जहाजाला रनर मोजकेच. सहाव्या केबिनपर्यंत चहा कोमट झाला. दार उघडून मावशी म्हणाल्या, "काहून रे बाप्पा, चहाले इतका वेळ?" मी मराठीत उत्तर दिल्यावर त्या आधी दचकल्या, मग त्यांनी माझं गाव विचारलं, मग गावातले नातेवाईक. दुसऱ्या दिवसापासून एकच फोन, एकच केबिन, दोन मोठे थर्मास, बारा कप. दहा मिनिटांत गरम चहा, आणि सगळे एका ठिकाणी बसून प्यायले.

पैशाच्या दृष्टीनंही हेच बरं. रॉयल कॅरिबियननं २०१७ पासून रूम सर्व्हिसला दर ऑर्डरमागे ७.९५ डॉलर आणि वर १८ टक्के लावायला सुरुवात केली; सकाळचा साधा कॉन्टिनेंटल नाश्ता, म्हणजे पाव-फळं-चहा असा हलका, तेवढा फुकट ठेवला. हा आकार पदार्थामागे नसून ऑर्डरमागे आहे. तीन केबिननी तीन फोन केले तर तिप्पट. कार्निव्हलमध्ये कॉन्टिनेंटल नाश्ता फुकट आणि बाकी पदार्थांचे वेगवेगळे पैसे. डिस्नेच्या जहाजांवर रूम सर्व्हिस फुकट, तिथं रनरला टिप द्यायची रीत आहे. म्हणजे गुरुजींना सांगणारे दोघंही खरं बोलत होते, जहाजं वेगळी होती. तुमच्या केबिनमध्ये मेन्यूकार्ड असेल, त्याच्या तळाशी बारीक अक्षरात आकार लिहिलेला असतो. चष्मा लावून तेवढं वाचा.

चहाबद्दल आणखी एक. रूम सर्व्हिसचा चहा म्हणजे गरम पाणी, टी-बॅग आणि थंड दुधाची पुडी. "गरम दूध वेगळ्या भांड्यात" असं सांगितलं तर मिळतं. उकळलेला चहा हवा तर बुफेत बघा, भारतीय प्रवासी जास्त असले की तिथं तो असतो. पण घरून इलेक्ट्रिक केटल, कपात बुडवायची कॉइल किंवा इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीनं चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. चिवडा, शेव, चटणीचं बंद पाकीट बॅगेत असायला हरकत नसते. केबिनमध्ये शिजवणं मात्र कुठल्याच जहाजावर चालत नाही.

नाश्त्याचं कार्ड हा वेगळा प्रकार. रात्री झोपण्यापूर्वी ते भरून दाराच्या बाहेरच्या कडीला अडकवायचं. मध्यरात्रीनंतर एक जण फिरून सगळी कार्डं गोळा करतो. त्यात पदार्थांपुढे चौकोन असतात. आपली माणसं तिथं बरोबरची खूण करतात, आणि मग दोघांत एकच दही, एकच केळं येतं. तिथं आकडा लिहायचा असतो. माणसं किती तेही लिहा, चमचे-कप त्यावरून येतात. वेळ अर्ध्या तासाची असते, सात ते साडेसात अशी. त्या वेळात कपडे घालून जागे असा. तुमच्या जहाजाच्या बाबतीत एक गंमत होऊ शकते: थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. जहाज थायलंडच्या फुकेतकडे जाणारं असेल, तर मोबाइलनं तिथलं टॉवर पकडलं की फोन स्वतःच तासभर मागे जातो, जहाजाचं घड्याळ मात्र तसंच राहिलेलं असू शकतं. तुमच्या फोनवर सहा वाजलेले असतात आणि दारात नाश्ता उभा. "इतक्या लवकर कशाला आलास" म्हणून रागावण्याआधी केबिनमधल्या फोनवरची वेळ बघा, जहाजाची खरी वेळ ती.

दार वाजलं आणि बाहेरून "रूम सर्व्हिस" असं ऐकू आलं की दार उघडा, पण बनियन-टॉवेलवर नको. गावात ओसरीवर चालतं, इथं समोर उभं असलेलं पोर किंवा पोरगी अवघडते, आणि कंपनीचे नियमही कडक असतात. टेबलावर पर्स, औषधं, चार्जर पसरलेले असतील तर ट्रे येण्याआधी बाजूला करा. हातात दहा-बारा किलो धरून तो उभा असतो आणि तुमच्या वस्तूंना हात लावायची त्याला मुभा नसते. एकट्या बाई असल्या आणि तो आत नको असेल, तर दारातच ट्रे घ्यावा, त्यात गैर काही नाही. त्याचं नाव छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, बहुधा देशासकट. नावानं हाक मारा. चुटकी वाजवणं, "ए वेटर" नको. बरेच जण गोव्याचे, मुंबईचे, केरळचे निघतात. मराठीत बोललात तर एखाद्याचा चेहरा खुलेल.

खाऊन झाल्यावर ट्रे कॉरिडॉरमध्ये ठेवू नका. हॉटेलात ठेवतात म्हणून लोक इथंही ठेवतात. जहाजाचा कॉरिडॉर अरुंद, खाली गालिचा, आणि आणीबाणीत सगळ्यांची जायची वाट तीच. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की शेकडो माणसं त्या वाटेनं निघतात, कधी अंधुक उजेडात. तेव्हा तुमच्या कॉरिडॉरमधल्या केबिन तपासून माणसं बाहेर काढायचं काम वाटून दिलेल्यांत तो चादरी बदलणारा पोरगा असू शकतो. त्याचं तसं प्रशिक्षण झालेलं असतं. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सुरक्षा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला, १ जानेवारी २०१५ पासून तो सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावा लागतो. "आपल्याले काय करायचं" म्हणून तो टाळू नका. ट्रे केबिनमध्येच टेबलावर राहू द्या आणि न्यायला फोन करा, किंवा स्टुअर्ड आला की त्याला दाखवा.

स्टुअर्डचं काम पूर्वी दिवसातून दोनदा असायचं. आता पुष्कळ कंपन्यांनी साध्या केबिनला एकदाच ठेवलंय, आणि एकेकाकडे केबिन वाढल्या आहेत. तो पहिल्या दुपारी ओळख करून द्यायला येतो, तेव्हाच सगळं एका दमात सांगून टाका: सफाई सकाळी हवी की संध्याकाळी, जादा उशी, पांघरूण, बर्फ. मोठा पलंग बहुधा दोन पलंग जोडून केलेला असतो, वेगळे हवे असतील तर सांगा, लगेच करून देतो. दर तासाला एकेक वस्तू मागण्यापेक्षा हे त्याला फार बरं पडतं. दुपारी झोपायची सवय असेल तर 'डू नॉट डिस्टर्ब'ची खूण लावा, पण बाहेर पडताना काढायला विसरू नका. ती खूण बघून तो चारदा येऊन परत जातो, आणि रात्री नऊला तुम्ही विचारता की खोली का झाली नाही.

बाथरूमचं स्पष्टच सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. जेट स्प्रे बऱ्याच जहाजांवर नसतो. घरून हलका प्लास्टिकचा मग न्या. अंघोळ पडद्याच्या आतच. बाहेर पाणी आलं की ते उंबरा ओलांडून गालिच्यात जातं, आणि मग तो सुकवण्यात स्टुअर्डचा विश्रांतीचा वेळ जातो. संडास हवेच्या दाबावर चालतो. त्यात टिश्यूशिवाय काही टाकू नका. एखादं डायपर अडकलं तर एका ओळीतल्या शेजाऱ्यांचेही संडास बंद पडतात. कपडे धुतलेत तर शॉवरमध्ये ओढून लावायची दोरी असते, तिच्यावर वाळवा. बाल्कनीच्या कठड्यावर लुगडं-धोतर वाळत घालायचं नाही, वाऱ्यानं ते समुद्रात जातं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. फ्रिजमधली बाटली उघडलीत तर पैसे लागतात.

कुणाला उलट्या-जुलाब झाले तर लपवू नका. डॉक्टरचं बिल येईल या भीतीनं लोक गप्प बसतात आणि घाण स्वतःच टॉवेलनं पुसून तो टॉवेल ढिगात टाकतात. नोरोव्हायरस असला तर तिथून तो थेट स्टुअर्डला लागतो आणि त्याच्या हातून पुढच्या केबिनमध्ये. फोन करा, निर्जंतुक करणारी माणसं वेगळी असतात. जेवणाआधी हात साबणानं धुवा, या विषाणूवर सॅनिटायझर साबणाइतका चालत नाही.

आणि आग्रह. आपल्याकडे दारी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय जाऊ देत नाहीत. बाई स्टुअर्डला म्हणतील, "बस बाळा, दोन घास खा." त्याला बसता येत नाही. प्रवाशाच्या केबिनमध्ये बसणं, खाणं यावर त्याची नोकरी जाऊ शकते, म्हणून तर काम करताना तो दार उघडं ठेवतो. तो नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा आग्रह करू नका. घरची सोनपापडी किंवा चिवड्याचं बंद पाकीट द्यायचंच असेल, तर सोबत दोन ओळींची चिठ्ठी द्या: अमुक केबिनमधून, भेट म्हणून. कुणी हटकलं तर त्याला दाखवता येते. पगार किती, लग्न झालं का, हे प्रश्न पहिल्याच दिवशी नकोत. पोराबाळांचं विचारलंत तर तो स्वतःहून फोटो दाखवेल.

रोख टिप शेवटच्या संध्याकाळी द्या, शेवटच्या सकाळी नको. त्या सकाळी हजारो माणसं उतरतात आणि दुपारी तितकीच नवी चढतात. मधल्या तासांत त्याला सगळ्या केबिन उलट्यापालट्या करून लावायच्या असतात. लिफाफ्यावर त्याचं नाव आणि तुमचा केबिन नंबर लिहा. उशीखाली ठेवलेले पैसे विसरलेले की दिलेले, ते कळत नाही. सांगितलेल्या वेळेला केबिन सोडा. घरी आल्यावर मुलाच्या ईमेलवर कंपनीची प्रश्नावली येईल, तीत स्टुअर्डचं नाव लिहा. दहापैकी आठ हे आपल्याला चांगले गुण वाटतात, तिथं ते कमीच धरले जातात. काम आवडलं असेल तर दहा द्या, हात राखू नका. नावानिशी आलेलं कौतुक बढतीच्या वेळी कामाला येतं.

आता पुतण्या. एजंट तीन लाख मागतो, म्हणतो महिन्याला लाखाच्या वर कमाई, वर टिप. टिपेचं गणित वर सांगितलंच. ती वेगळी वर नसते, कमाईच्या आकड्यात बहुधा आधीच धरलेली असते. करारात खात्रीची रक्कम किती आणि टिपेवर अवलंबून किती, हे दोन आकडे वेगवेगळे लिहून मागा. दुसरं, जहाजावर नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला एमएलसीत बंदी आहे. पासपोर्ट, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, एवढाच खर्च त्याच्यावर टाकता येतो; व्हिसाचा खर्चही जहाजमालकाचा. एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार, त्यातला सुरक्षेचा कोर्स त्याला स्वतः करावा लागेल, पण तो डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेत, पावती घेऊन. भारतात अशी भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो. एजंटकडून त्याचा नंबर लिहून घ्या आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधा. नंबर द्यायला तो टाळाटाळ करू लागला, किंवा यादीत सापडलाच नाही, तर एक रुपयाही देऊ नका आणि पासपोर्ट त्याच्या हातात ठेवू नका.